नागपुरातले ओलसर घर आणि गिटार : पावसाळ्यातला उपाय उन्हाळ्यात बाधतो का?

तळमजला
१२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. महाल भागातल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आम्ही राहतो. भिंती विटांच्या आणि चांगल्या जाड आहेत, परंतु दर पावसाळ्यात जोत्यापासून दीड-दोन फुटांपर्यंत ओल चढते, रंगाचे पोपडे सुटतात आणि घरातले पापड डबा उघडताच सादळतात. एवढ्याची आम्हांला सवय आहे. सवय नाही ती त्या घरात महागडी गिटार सांभाळण्याची.

गेल्या दिवाळीत मी बरीच वर्षे पैसे साठवून एक अकूस्टिक गिटार घेतली. तिची वरची पाटी प्लायवुडची नसून अखंड स्प्रूस लाकडाची आहे. हिवाळाभर ती उत्तम वाजली. एप्रिलमध्ये डावा हात नेकवरून, म्हणजे गिटारीच्या मानेवरून, सरकवताना फ्रेटची (मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके बोटाला खुपू लागली. तेव्हा मला तो कारखान्यातला कच्चेपणा वाटला आणि मी दुर्लक्ष केले. आता जुलैत प्रकरण उलटे झाले आहे. बाराव्या फ्रेटपाशी सहाव्या तारेची उंची अडीच मिलिमीटर होती, ती जवळजवळ चारवर गेली आहे. तारांवर तांबूस डाग आहेत आणि काल केस, म्हणजे गिटारीची पेटी, उघडली तेव्हा आतल्या मखमलीवर पांढरी बुरशी दिसली.

जोड्यांच्या खोक्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या दहा-बारा पुड्या आणि तांदळाची एक पुरचुंडी मी केसमध्ये ठेवून पाहिली, त्याचा काहीही परिणाम झाला नाही. एका विक्रेत्याने फोनवर सांगितले की ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) अर्धा फेरा आवळा म्हणजे उंची खाली येईल. तसे करण्यापूर्वी येथे विचारावे असे वाटले.


सहावी तार
१२ जुलै, रात्री ११.०५

ट्रस रॉडला कृपया हात लावू नका. तुमच्या वर्णनावरून नेकपेक्षा वरची पाटी फुगल्याची शक्यता अधिक दिसते. पाटी फुगली की तिच्यावर चिकटवलेला ब्रिज (तारा अडकवलेला लाकडी तुकडा) वर उचलला जातो, त्याच्याबरोबर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकवणारी बारीक पट्टी) वर जाते आणि तारा फ्रेटबोर्डापासून (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीपासून) दूर होतात. ही उंची रॉड आवळून कमी करू पाहिल्यास मूळ फुगवटा तसाच राहतो, नेक मात्र मागे वाकते. पुढे हवा कोरडी होऊन पाटी खाली बसली की तारा फ्रेटवर घासून खरखरू लागतात. मग रॉड पुन्हा सैल करायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आवळायचा. धरमपेठेत मी मुलांना शिकवते, आणि या चक्रात रॉडचे आटे झिजलेल्या दोन गिटारी माझ्या पाहण्यात आहेत.

आधी दोन साध्या तपासण्या करा. स्टीलची एक फूट लांबीची पट्टी ब्रिजच्या मागे आडवी उभ्या कडेवर टेकवा. मधोमध पाटी उंच असल्यामुळे पट्टी झुल्यासारखी डुलत असेल तर फुगवटा आहे. थोडीशी कमान बहुतेक गिटारींना मुळातच दिलेली असते, तेव्हा किंचित डुलण्याने घाबरू नका, दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटर फट दिसली तर मात्र लक्ष द्या. दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे. साधा कागद घेऊन तो ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकतो का ते पाहा. सरकत असेल तर गोंद सुटू लागला आहे असे समजा, तारा त्याच दिवशी सैल करा आणि गिटार जाणत्या कारागिराकडे न्या. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या वर असतो, आणि तो सगळा त्या वीतभर लाकडाच्या सांध्यावर येतो. तेथे घरातला पांढरा किंवा झटपट चिकटणारा गोंद मुळीच भरू नका. नंतर तो काढण्यातच कारागिराचा अर्धा दिवस जातो.

आता तुम्हांला तीन प्रश्न. तुमच्याकडे आर्द्रतामापक आहे का, गिटार घरात नेमकी कोठे असते, आणि त्याच खोलीत कपडे वाळत घालता का?


कोरी पाटी
१३ जुलै, सकाळी ८.१५

मी वसतिगृहात राहतो आणि माझी अडचण हीच आहे, म्हणून आनंद व्हावा की दुःख हे कळत नाही. तांदळाचा उपयोग खरोखरच होत नाही का? पाण्यात पडलेला मोबाइल तर सगळे तांदळातच पुरतात.


रंधा
१३ जुलै, दुपारी १.३०

मोबाइलही तांदळामुळे वाळत नाही, तो वाट पाहिल्यामुळे वाळतो. तांदळाचा दाणा स्वतःच हवेतल्या दमटपणाशी जुळवून बसलेला असतो. आपल्या घरातला तांदूळ जुलैच्या हवेत आधीच जेवढे पाणी घ्यायचे तेवढे घेऊन तृप्त असतो, तो गिटारीतले काय ओढणार? वर सोंडे होतात ते वेगळेच.

माझा व्यवसाय फर्निचरचा आहे, गिटार मी फक्त वाजवतो, तरी लाकडाचा हिशेब दोन्हीकडे एकच आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी धरून राहते. हवा ८० टक्क्यांवर जाऊन तशीच टिकली तर हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. गिटारीची पाटी खालच्या बाजूला सुमारे ४० सेंटिमीटर रुंद असते. स्प्रूसचा आडवा फुगण्याचा गुणधर्म धरून हिशेब मांडला, तर ९ वरून १६ टक्क्यांवर जाताना त्या रुंदीत जवळजवळ चार मिलिमीटरची वाढ व्हायला हवी. परंतु कडा बाजूच्या पट्ट्यांना चिकटलेल्या आहेत आणि आतून आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी पाटी जखडलेली आहे. तिला बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून ती वर येते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते त्यातलाच हा प्रकार. दाराला मात्र रंधा मारता येतो.

तुमच्या एप्रिलमधल्या तक्रारीचे उत्तरही यातच आहे. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आडवा आकसला, फ्रेट धातूची असल्यामुळे तेवढीच राहिली आणि तिची टोके बाहेर डोकावली. आकसणे पाव मिलिमीटरचे असेल, पण बोटाला कळायला तेवढे पुरते. कारखान्याला दोष देऊ नका. तुमच्या गिटारीने एकाच वर्षात वाळवंट आणि कोकण दोन्ही पाहिले आहे.

प्लायवुडच्या पाटीच्या गिटारींत एका थराच्या रेषा दुसऱ्या थराच्या आडव्या असतात, त्यामुळे त्या इतक्या फुगत नाहीत. वसतिगृहातल्या मित्राची गिटार त्या प्रकारची असेल तर त्याने निम्मी चिंता सोडून द्यावी आणि वाजवून झाल्यावर तारा सुती कापडाने पुसाव्यात.


तळमजला
१५ जुलै, रात्री १०.१०

पट्टी डुलते, परंतु कागद ब्रिजखाली कोठेही सरकत नाही. एवढ्यावर मी दोन दिवसांनी नीट झोपलो.

आर्द्रतामापक घेतला. आणल्या आणल्या त्याने ८८ दाखवले. गिटार आतल्या खोलीत असते. तिची एक भिंत बाहेरची आहे आणि केस त्याच भिंतीला टेकवून फरशीवर उभी असते. कपड्यांबद्दल विचारलेत ते बरे केलेत. पावसाळ्यात दोरी त्याच खोलीत बांधलेली असते, कारण गच्ची वरच्या मजल्यावरच्यांकडे आहे. सौ.चे म्हणणे असे की कपडे वाळवायची जागा बदलण्यापेक्षा गिटारीची जागा बदलणे सोपे आहे, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.


सहावी तार
१५ जुलै, रात्री १०.५०

वहिनींचे म्हणणे योग्य आहे. यंत्रात पिळून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जाऊ शकते. त्याच खोलीत पुड्या ठेवून हवा कोरडी होण्याची वाट पाहणे म्हणजे नळ चालू ठेवून वाटीने पाणी उपसणे आहे.

मापकाचा आकडा मात्र लगेच खरा मानू नका, स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात काही थेंबच पाणी घालून ओलसर लगदा करा, मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा मिठाचा गुणधर्म आहे. तुमचा मापक ८० दाखवत असेल तर तो पाचने जास्त सांगतो, एवढे कागदावर लिहून त्याच्या पाठीला चिकटवून टाका.


तळमजला
१७ जुलै, सकाळी ७.२०

मिठाच्या पिशवीत ७९ आले. म्हणजे चार वजा करायचे. खोलीत खरे आकडे ८२ ते ८५ आहेत, आणि केसमध्ये रात्रभर ठेवल्यावर ८१. केस बंद असूनही आत-बाहेर फारसा फरक नाही, मग केसचा उपयोग तरी काय?


रंधा
१७ जुलै, दुपारी २.००

केस बदल थांबवत नाही, त्याचा वेग कमी करते. बाहेर दिवसातून दोनदा हवा पालटली तरी आत ती संथपणे पालटते. परंतु महिनाभर बाहेर ८० असेल तर आतही ८० होणारच. त्यात तुमच्या केसचे अस्तर आणि फोम स्वतः ओले झालेले आहेत.

अडचण कोठे आहे ते आकड्यांत सांगतो, कारण बहुतेक लोक येथेच निराश होतात. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. २८ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ धरते. तिला ८० वरून ५५ टक्क्यांवर आणायचे तर सव्वादोनशे ग्रॅमहून अधिक पाणी काढावे लागते, आणि दार एकदा उघडले की पुन्हा पहिल्यापासून. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश पाणी घेते. म्हणजे खोलीसाठी तिचा विचारच करू नका. केसमधल्या हवेत मात्र वाफेचे प्रमाण नगण्य, फार तर एक-दोन ग्रॅम असते. मग तुमच्या दहा-बारा पुड्यांनी काम का केले नाही? कारण पाणी केसमधल्या हवेत नाही, लाकडात आहे. पावणेदोन किलो लाकूड १६ टक्क्यांवरून ९ वर आणायचे म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर यायला हवे, अस्तरातले वेगळे. जोड्यांच्या खोक्यातल्या पुडीत मोजून दोन-तीन ग्रॅम जेल असते आणि ती तुमच्या घरी येईपर्यंत बहुधा आधीच भरलेली असते.

म्हणून रंग बदलणारी सिलिका जेल सुटी आणा, नारंगीची हिरवी होते ती. निळ्याची गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, घरात लहान मुले असतील तर ती टाळलेली बरी. शंभर ग्रॅमच्या दोन सुती पिशव्या शिवा. एक केसमध्ये नेकच्या डोक्याजवळच्या पोकळीत ठेवा, लाकडाला टेकू देऊ नका. रंग बदलला की ती बाहेर काढून दुसरी घाला. भरलेली जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवली की पुन्हा कामाला येते. त्यासाठी वापरलेले ताट परत स्वयंपाकात घेऊ नका. आणि घाई करू नका. लाकडातले पाणी दोन-तीन आठवड्यांत हळूहळू निघाले पाहिजे, दोन दिवसांत ओढून काढले तर पाटी तडकेल. मापक केसमध्येच ठेवा आणि ५० दिसले की पिशवी बाहेर.

कपाटांसाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते केसमध्ये कधीही ठेवू नका. त्यांत खारट पाणी साचते आणि डबा कलंडला की गिटार संपली.


जवारी
१७ जुलै, रात्री ९.००

आपल्या या चर्चेत वयाने मी बहुधा सर्वांत मोठा असेन आणि गिटार मला वाजवता येत नाही. घरात दोन तानपुरे आहेत. पावसाळ्यात तबल्याची पुडी (वरचे कातडे) ढिली पडून सूर उतरतो, हे प्रत्येक तबलजी जाणतो. तानपुऱ्याची तबली, म्हणजे वरची पाटी, हीही अशीच वर येते आणि जवारी (घोडीवर तारा टेकण्याची, नाद खुलवणारी ठेवण) बिघडते. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षे एकच उपाय केला. लाकडी कपाटाच्या तळाशी जाळीच्या पेटीत एक पिवळा दिवा, पावसाळाभर रात्रंदिवस चालू. त्या कपाटातली वाद्ये कधी बुरसली नाहीत. सिलिका, मापक, मिठाच्या पिशव्या हे सारे ठीकच आहे, पण एवढा खटाटोप आवश्यक आहे का?


रंधा
१८ जुलै, दुपारी १.१५

काका, उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे. हवा तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते आणि तेवढ्याच पाण्यात तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २६ अंशांची, ८५ टक्के आर्द्र हवा कपाटात ३१ अंशांपर्यंत तापली तर ती ६५च्या आसपास येते. बुरशीला तेवढ्याने आळा बसतो. आताचे एलईडी दिवे मात्र फारसे तापत नाहीत. त्या कामाला जुना तारेचाच दिवा लागतो. माझा आक्षेप वेगळा आहे. तानपुरा कपाटात उभा राहतो आणि दिव्यापासून दूर असतो. गिटार कपाटात आडवी ठेवली की नेमकी पाटी दिव्यावर येते. एक भाग तापून कोरडा आणि उरलेला दमट, ही लाकडाची सर्वांत वाईट अवस्था आहे. शिवाय घरात कोणी नसताना कपड्यांशेजारी जळता दिवा ठेवायला मी तरी धजावणार नाही.


जवारी
१८ जुलै, रात्री ८.४०

दिव्याभोवती जाळीची पेटी होती हे मी लिहिले आहे. कपडे त्या कपाटात कधीच नव्हते. तरीही आडव्या गिटारीचा मुद्दा मान्य.


खसताटी
१९ जुलै, रात्री ११.३०

सगळे पावसावर बोलत आहेत म्हणून थोडे आडवे जातो. आपल्याकडे गिटारीला पहिली ओल पावसाने लागत नाही, कूलरने लागते. मे महिन्यात बाहेरची हवा दुपारी १५-२० टक्क्यांवर असते. त्या हवेतून ओल्या ताट्यांमधून आलेला झोत खोलीत शिरतो तेव्हा कूलरच्या तोंडाशी आर्द्रता ८०च्या पुढे असते, आणि खिडक्या बंद असतील तर पूर्ण खोली संध्याकाळपर्यंत दमट होते. मग वीज जाते किंवा रात्री कूलर बंद करून आपण दारे उघडतो आणि तासाभरात तीच खोली पुन्हा भट्टीसारखी कोरडी. पावसाळ्यात निदान तीन महिने एकच हवा असते. मे महिन्यात लाकूड रोज फुगते आणि रोज आकसते.

माझी पहिली गिटार अशीच गेली. बैठकीत भिंतीवर, बरोबर कूलरसमोर टांगलेली. पाण्याचे बारीक तुषार तिच्यावर बसत आणि सुकल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उरत, ते मी रोज पुसत असे आणि धूळ समजत असे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आम्ही आठ दिवस गावी गेलो, कूलर बंद, घर बंद. परत आलो तेव्हा ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत रेषेच्या दिशेने सरळ चीर पडलेली होती.

तेव्हा तळमजल्यावरच्या मित्रांनी आता सिलिका जेलने गिटार सुकवावी, पण ऑक्टोबरनंतर ती पिशवी केसमध्ये राहिली तर एप्रिलमध्ये ते पुन्हा येथेच चीर पडल्याची तक्रार घेऊन येतील.


बारावा पडदा
२० जुलै, दुपारी ४.४५

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा आमच्या खाली ठेवलेल्या दोन गिटारी केससकट पाण्यात होत्या. अनुभव सांगतो, कोणावर वेळ न येवो. तारा ताबडतोब काढल्या. चिखल ओल्या फडक्याने टिपून घेतला, उन्हात ठेवण्याचा मोह टाळला आणि सावलीत, हवा खेळती राहील अशा ठिकाणी आडव्या काठीला टांगून ठेवल्या. महिनाभर त्यांच्याकडे कोणी पाहिलेही नाही. प्लायवुडच्या गिटारीच्या पाठीचे थर सुटले आणि ती टाकावी लागली. दुसरीची पाठ कडेने उसवली होती, ती कारागिराने पुन्हा चिकटवली आणि आज ती वाजते. आवाज मात्र थोडा दबला आहे, किंवा मला तसे वाटते.

तेव्हापासून आमच्या घरात केस फरशीवर ठेवण्यास बंदी आहे.


सहावी तार
२० जुलै, रात्री १०.००

कूलरचा मुद्दा मी आधीच मांडायला हवा होता. मार्टिन आणि टेलर या दोन्ही कंपन्या गिटारीसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. नागपुरात ती आपोआप मिळण्याचे दिवस म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे काही आठवडे आणि नंतर अधूनमधून. उरलेल्या वर्षात आपल्याला कधी पाणी काढावे लागते, कधी घालावे लागते, आणि मुंबई-पुण्याच्या मित्रांचे सल्ले जसेच्या तसे येथे लागू पडत नाहीत ते यामुळेच.

मी स्वतः काय करते ते लिहिते. जूनचे पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की केसमध्ये सिलिका जेल जाते. मापक ५० दाखवू लागला की तिच्या जागी दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या पुड्या येतात. बोव्हेडाच्या ४९ टक्क्यांच्या पुड्या वाद्यांसाठीच असतात. आत क्षाराचे द्रावण असते, ते हवा दमट असेल तर पाणी घेते आणि कोरडी असेल तर देते. त्या महाग आहेत, म्हणून भिजलेल्या गिटारीत थेट टाकू नयेत. लाकडातले पाणी पिऊन आठवड्यात टम्म फुगतात आणि पैसे वाया जातात. आधी स्वस्त जेलने सुकवावे, मग या पुड्यांनी टिकवावे. मार्चपासून त्या उलट कडक होऊ लागतात. त्या दिवसांत मी साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोके पाडून त्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवते आणि ती डबी केसमध्ये नेकच्या खांद्यापाशी ठेवते. स्पंजमधून एकही थेंब गळता कामा नये. दर दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा ओला करावा लागतो, मे महिन्यात रोज. पहिला पाऊस पडला की ती डबी बाहेर निघाली पाहिजे.

एसीबद्दल कोणी विचारण्यापूर्वीच सांगते. एसी हवा कोरडी करतो आणि जुलैत ते उपयोगाचे आहे, विशेषतः ड्राय मोडवर. परंतु एसीतून थंड झालेली गिटार तशीच बाहेरच्या दमट खोलीत उघडली तर तारांवर आणि खुंट्यांवर दव धरते. केस बाहेर आणून अर्धा-पाऊण तास बंदच ठेवावी. केवळ एका गिटारीसाठी हवेतले पाणी काढणारे यंत्र घेऊ नये असे माझे मत आहे. घरात दम्याचा त्रास असलेले कोणी असेल, कपाटे आणि पुस्तके बुरसत असतील, तर मात्र ते गिटारीसाठी नव्हे, माणसांसाठी घ्यावे.

आणि ती केस बाहेरच्या भिंतीपासून आजच हलवा. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीजवळ, लाकडी पाटावर किंवा पलंगावर आडवी ठेवा. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाडा, नाकाला रुमाल बांधून. मग केस उघडी ठेवून पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या. तोवर गिटार बाहेर राहिली तरी चालेल.


कोरी पाटी
२१ जुलै, सकाळी ९.००

तारा पूर्ण सैल करून ठेवाव्यात का? आमच्याकडे यावरून दोन तट पडले आहेत.


सहावी तार
२१ जुलै, सकाळी ११.२०

रोज वाजवत असाल तर नको. महिना-दीड महिना गावी जाणार असाल तर प्रत्येक तार एक-दोन स्वरांनी उतरवून ठेवावी, ब्रिजवरचा ताण हलका होतो.


तळमजला
१४ सप्टेंबर, रात्री ९.३०

दोन महिन्यांचा हिशेब देतो. केस आता देवघराच्या भिंतीजवळ पाटावर असते. पहिल्या आठवड्यात शंभर ग्रॅम जेल तिसऱ्याच दिवशी हिरवी झाली, दुसऱ्या आठवड्यात पाचव्या दिवशी, नंतर दहा-बारा दिवस टिकू लागली. केसमधला आकडा ८१ वरून ७०, मग ६२ आणि ऑगस्टच्या अखेरीस ५३. तारेची उंची चारवरून तीनच्या आत आली, रॉडला हात न लावता. गंजलेल्या तारा बदलल्या. खोलीत अजूनही ८० टक्के आहे आणि कपडेही तेथेच वाळतात. आमच्यात तह झाला आहे.


खसताटी
१५ सप्टेंबर, रात्री १२.१०

मे महिन्यात पुन्हा लिहा. खरी परीक्षा तेव्हा आहे.


तळमजला
२७ मे, सकाळी ८.००

आठवण ठेवून लिहितो आहे. नवतपा सुरू झाला आहे, बैठकीतला कूलर दुपारी बारापासून चालू असतो आणि गिटार त्या खोलीत कधीच जात नाही. वाजवायची असेल तर सकाळीच, कूलर लागण्यापूर्वी. बैठकीत काल दुपारी चारला ७४ होते आणि रात्री कूलर बंद करून दारे उघडल्यावर ३१. देवघराजवळ दिवसभर २२ ते २८. साबणाची डबी रोज भरून केसमध्ये ४४ ते ४८ राहते. दोन दिवस लग्नाला गेलो आणि स्पंज सुकला तेव्हा ३६ झाले होते, म्हणून आता दोन डब्या ठेवतो.

पाटी सपाट आहे, चीर नाही, सहाव्या तारेची उंची आज अडीच मिलिमीटरच्या किंचित वर भरली. फ्रेटची टोके मात्र अजून थोडी खुपतात. कारागीर म्हणतो घासून देतो. आता द्यावी की पावसाळा उलटून हवा बरी झाल्यावर?


रंधा
२७ मे, दुपारी १.४०

आताच द्या. फ्रेटबोर्ड वर्षातला सर्वांत अरुंद याच दिवसांत असतो. आता घासलेली टोके पुन्हा बाहेर येणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये घासली तर पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही हाच प्रश्न घेऊन याल. नेताना केसमध्ये डबी राहू द्या आणि गाडीच्या डिकीत ती उन्हात ठेवून मध्ये कोठे थांबू नका, त्या उष्णतेत गोंद मऊ पडतो.